सीसीत आलेलं नाव

"मॅडम, ह्याला स्वतःहून काही सुचतच नाही. पीआयपी लावा," असं म्हणत एका व्यवस्थापकांनी हाताखालच्या मुलाची फाइल माझ्यापुढे ठेवली. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

पीआयपी म्हणजे सुधारण्यासाठी दिलेली मुदत, निदान कागदावर तरी. लोकांना वाटतं, एचआरवाले अप्रेझलचे गुण बघून ठरवतात. मी गुण शेवटी बघते. आधी दोघांमधले मेल तारखेनुसार वाचते. ह्या मुलाचे सुरुवातीचे मेल 'असं करतोय, संध्याकाळपर्यंत पाठवतो' अशा थाटाचे होते. पुढे 'असं करू का?' आलं, आणि शेवटी नुसतं 'आपण सांगाल तसं'. साहेबांचेही बदलले होते. एक अहवाल उशिरा आला, तेव्हापासून 'पाठवण्याआधी मला दाखव' सुरू झालं. मग सीसीत, म्हणजे मेलची प्रत ज्यांना जाते त्यांच्यात, साहेबांच्या वरिष्ठांचं नाव आलं. 'करू का?' त्याच आठवड्यातलं.

मान्झोनी आणि बार्सू ह्या अभ्यासकांनी 1998 साली हेच चक्र मांडलं होतं: वरिष्ठाला शंका येते, तो पहारा वाढवतो, हाताखालचा अंग काढून घेतो आणि शंका खरी ठरल्यासारखी वाटते.

मुलगा म्हणाला, "सुचतं मॅडम. पण सांगितलं की आधी 'खात्री आहे ना?' येतं. मग माझीच खात्री जाते." साहेबांना हाच प्रश्न काळजीचा वाटत होता: "वर चूक गेली तर नाव त्याचंच खराब होईल. मी त्याला वाचवतोय." ते खोटं बोलत नव्हते.

आमच्या अप्रेझलच्या फॉर्मात 'पुढाकार' हा रकाना फक्त हाताखालच्या माणसासाठी असतो. पुढाकार घ्यायला किती वाव दिला, हे वरिष्ठाला कुणी विचारत नाही. ह्याची मला मनापासून चीड आहे.

ते मेल मी साहेबांपुढे क्रमाने ठेवले. बराच वेळ वाचून ते म्हणाले, "पण उशीर झाला होता ना?"

झाला होता. एकदा.

पीआयपी लावला नाही, मुलाला दुसऱ्या टीममध्ये हलवलं. तिथे तो पुन्हा स्वतः ठरवून कामं करतो. साहेबांच्या मते तिथलं काम सोपं आहे. मला तसं वाटत नाही, अहवाल त्याच प्रकारचे आहेत. त्याच्या जागी आता एक नवीन मुलगी येते आहे. तिचं काम आधी किती दिवस तपासणार आणि तपासणं कधी थांबवणार, हे तिला पहिल्याच दिवशी सांगा, असं मी साहेबांना सुचवलंय. ते "बघतो" म्हणाले.