घोस्ट डॉगचा माग: या वेळी पक्षी आणि फुलपाखरू

'घोस्ट डॉग' (1999) हा सामुराईंच्या नियमांनी जगणाऱ्या एका सुपारी मारेकऱ्याचा सिनेमा. मागच्या नोंदीत ठरवल्याप्रमाणे तो थोडा बाजूला ठेवला आणि त्याचा दिग्दर्शक जिम जार्मुशने ज्यांच्याकडून उघडउघड घेतलंय ते दोन सिनेमे आधी बघून घेतले. जाँ-पिएर मेलव्हिलचा 'ल सामुराई' आणि सेइजुन सुझुकीचा 'ब्रँडेड टू किल'. दोन्ही 1967चे. एक पॅरिसमधला, करड्या-निळ्या रंगांत गोठलेला. दुसरा जपानी, ब्लॅक अँड व्हाइट आणि पार सुसाट सुटलेला. मग लगेच परत 'घोस्ट डॉग'. हा क्रम जमला तर जरूर करून बघा. (पुढे शेवटांबद्दलही लिहिलंय, सिनेमे बघायचे असतील तर आधी ते बघून या.)

'स्लो आहे' म्हणून 'घोस्ट डॉग' अर्ध्यात सोडणारे बरेच भेटतात. सुपारी घेणारा माणूस म्हटलं की पाठलाग हवा, गोळ्यांचा पाऊस हवा. इथे घोस्ट डॉग झालेला फॉरेस्ट व्हिटेकर गाडी चालवत राहतो. रात्र, रस्त्यावरचे दिवे, संगीतकार रिझाचे हिप-हॉप बीट्स, बस्स. 'ल सामुराई' डोक्यात ताजा असताना ही चाल कुठून आली ते लख्ख कळतं. तिथे पहिली जवळजवळ दहा मिनिटं कुणी बोलतच नाही. मारेकरी झालेला आलाँ दलों चोरायची म्हणून रस्त्याकडेच्या सिट्रोएन गाडीत बसतो, चाव्यांचा मोठा जुडगा काढतो आणि एकेक चावी लावून बघतो. नजर समोर, काच पावसाने भिजलेली. नाही लागली की पुढची. मेलव्हिल कट मारून ते आटोपत नाही, म्हणून तर या माणसाचा थंडपणा आपल्याला पटतो. जार्मुशच्या नायकाकडे इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे, त्याचं काम क्षणात होतं. मग तो स्वतःची सीडी लावतो. चोरीत वाचलेला वेळ जार्मुशने ऐकण्यावर खर्च केलाय! पांढरे हातमोजे मात्र दोघांचेही.

या फेरीत मी मुद्दाम पंखवाल्या जिवांवर लक्ष ठेवलं होतं, आणि तिथेच सगळ्यात जास्त हाती लागलं. 'ब्रँडेड टू किल'मध्ये हानादा हा मारेकरी (नट जो शिशिदो) नेम धरून बसलेला असतो आणि ऐन वेळी बंदुकीच्या दुर्बिणीवर फुलपाखरू येऊन बसतं. नेम चुकतो, भलतंच कुणीतरी मरतं आणि तिथून त्याचं सगळं आयुष्य घसरत जातं. जार्मुशने हाच प्रसंग उचललाय. बंदूक रोखलेली, आणि दुर्बिणीवर एक छोटा पक्षी येऊन बसतो. पण घोस्ट डॉग गोळी झाडत नाही, पक्ष्याला हुसकावतही नाही. बघत राहतो. पक्षी उडतो तोवर संधी गेलेली असते. सुझुकीकडे जो घात आहे, तो इथे एका माणसाचा स्वभाव सांगून जातो. उसनं घेणं असावं तर असं. वॉशबेसिनच्या पाइपमधून खालून गोळी घालण्याची युक्तीसुद्धा सुझुकीचीच, पण ती जवळपास जशीच्या तशी आलीय, म्हणून मला पक्ष्याएवढी भिडत नाही.

मेलव्हिलकडेही पक्षी आहे. दलोंच्या उजाड खोलीत एक पिंजरा, आणि त्या पक्ष्याच्या विस्कटण्यावरून त्याला कळतं की घरात कुणीतरी येऊन गेलंय. घोस्ट डॉगचे पक्षी गच्चीवरची कबुतरं. त्याचे निरोप तीच नेतात. माफियावाले त्यांना मारतात, त्यानंतरच तो खऱ्या अर्थाने चालून जातो.

'हागाकुरे'बद्दलही थोडं वाचलं. सिनेमाभर पडद्यावर येणारी वचनं त्या पुस्तकातली. ती वचनं ज्याची, तो यामामोतो त्सुनेतोमो साक्षात सामुराई, पण शांततेच्या काळातला. 1700 साली त्याचा धनी वारला. धन्यामागे प्राण देण्याला बंदी होती, म्हणून तो संन्यासी झाला आणि त्याची वचनं पुढे दुसऱ्याने टिपून घेतली. ज्याचा काळ सरलाय अशा योद्ध्याचं पुस्तक, आणि ते वाचतोय अमेरिकेतल्या म्हाताऱ्या, भाडं थकवणाऱ्या माफियासाठी काम करणारा माणूस. ही निवड किती नेमकी आहे! मेलव्हिलने सुरुवातीला दिलेलं 'बुशिदो'चं (सामुराईंच्या आचारसंहितेचं) वचन मात्र त्याने स्वतःच रचलेलं होतं.

शेवट मेलव्हिल आणि जार्मुश दोघांकडेही रिकाम्या पिस्तुलाचा. दलोंच्या पिस्तुलात गोळ्या नव्हत्या हे पोलीस तपासून सांगतो. घोस्ट डॉगचं पिस्तूल त्याची छोटी मैत्रीण पर्लीन उचलते, त्याला मारणाऱ्यावर रोखते आणि चाप ओढते. नुसता खटका वाजतो. मेलव्हिलचा सामुराई एकटाच संपतो. इथे मागे एक वाचक उरते, कारण 'हागाकुरे' तिच्याकडे आलेलं असतं. माझ्या मते जार्मुशने या एका जागी गुरूच्या पुढे पाऊल टाकलंय.

घोस्ट डॉगच्या आइस्क्रीमवाल्या मित्राबद्दल, रेमंडबद्दल, अजून नीट लिहायचंय. तो फक्त फ्रेंच बोलतो, घोस्ट डॉग फक्त इंग्रजी, आणि दोघं नकळत एकच गोष्ट बोलतात. ही फ्रेंच मेलव्हिलची आठवण म्हणून आली असावी असं मला वाटतं.

पुढचा मुक्काम आणखी मागे: 'धिस गन फॉर हायर' (1942). ॲलन लॅडचा ट्रेंचकोट आणि त्याचं मांजरांवरचं प्रेम मेलव्हिलच्या पिंजऱ्याशी जोडता येतं का, ते बघायचंय. त्याच्या जोडीला 'मर्डर बाय कॉन्ट्रॅक्ट' (1958), कारण त्यातलं गिटारचं संगीत आणि नुसतं वाट बघत बसणं थेट या घराण्यातलं आहे. यातला कुठला आधी बघावा, सुचवा.