दिवाळीनंतर बसणारी बॅटरी

इंदूरच्या रामबागेतल्या काकूंचा फोन आला तेव्हा निकाल त्यांनी आधीच देऊन टाकला होता. "दादा, बॅटरी गेली. नवी केवढ्याला पडेल तेवढं सांगा." बॅटरीला वर्षही झालं नव्हतं. विकणाऱ्यानेही "बदलून घ्या" म्हणून हात झटकले होते.

काकू साबुदाणा खिचडीची गाडी लावतात. आपली इंदुरी खिचडी: साबुदाणा वाफेवर गरम ठेवायचा आणि गिऱ्हाइकासमोर मसाला, लिंबू, फराळी चिवडा घालून कालवून द्यायचा. गॅस बेताचा लागतो, उजेड मात्र भरपूर. पूर्वी शेजारच्या दुकानातून वायर ओढून बल्बामागे रोजचे पैसे मोजायच्या. त्याला कंटाळून मुलाने छपरावर 165 वॅटचं पॅनल आणि खाली 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची बॅटरी बसवून घेतली.

मी आधी हायड्रोमीटर घातला, म्हणजे आम्लाची घनता मोजणारी नळी. सगळ्या सेलमध्ये आकडा जवळपास सारखाच कमी, 1.150च्या आसपास. एखादा सेल मेला असता तर तो एकटा मागे पडला असता. बॅटरी आजारी नव्हती, उपाशी होती.

"कधीपासून बसते?"

"दिवाळीनंतर. उन्हाळ्यात रात्री अकरापर्यंत आरामात चालायची."

हे ऐकून जरा थांबलो. बॅटरीला सणवार कळत नाहीत, सूर्याला मात्र कळतात.

गाडी दिवसा घरासमोर उघड्यावर उभी असते. डिसेंबरचं लख्ख ऊन, भर दुपार, आणि पॅनलकडून येणारा करंट मीटर एक अँपिअरही दाखवेना. स्टुलावर चढून पाहिलं. पॅनल आडवं बसवलेलं, काकूंनी चकचकीत पुसलेलं. पण छपराच्या दक्षिणेकडच्या कडेला खिचडीची दीड फूट उंच पाटी उभी होती आणि तिची सावली पॅनलच्या लांब कडेवर पट्ट्यासारखी पडली होती.

मुलगा म्हणाला, "पाव भागच झाकलाय ना? मग पाऊण वीज तरी यायला हवी."

हा हिशेब सगळेच करतात. पॅनलमधले 36 सेल एका माळेत असतात. सावलीतल्या सेलना वळसा घालायला डायोड असतात, पण अशा पॅनलमध्ये बहुधा दोनच. म्हणजे एक कड झाकली की अर्धी माळ बाद. अठराच्या जागी नऊ व्होल्ट उरतात, आणि नऊ व्होल्टने बारा व्होल्टची बॅटरी कशी भरणार? पाटीचे स्क्रू काढले, मीटर सहाच्या वर गेला. काकूंचं एक ताट पॅनलच्या कोपऱ्यावर ठेवलं, आकडा धाडकन खाली. ताट उचललं, पुन्हा सहा. काकूंनी स्वतः दोनदा ठेवून पाहिलं.

उन्हाळ्याचं कोडंही तिथेच सुटलं. कर्कवृत्त उज्जैनजवळून जातं, आपण त्याच्या किंचित दक्षिणेला. जूनमध्ये दुपारी सूर्य डोक्यावर, पाटीला सावलीच नाही. डिसेंबरात तो दक्षिणेला कलतो, दुपारीही क्षितिजापासून साधारण 44 अंशांवरच असतो, आणि दीड फुटाची पाटी दीड फुटाहून लांब सावली टाकते. त्यात अंधार लवकर, म्हणजे दिवेही लवकर.

पाटी कायमची काढायला काकू तयार होईनात. "गिऱ्हाईक लांबून तीच बघून येतं." बरोबरच आहे. मग दोघांनी मिळून गाडीचं तोंड फिरवलं, पाटी उत्तरेला गेली. सावली आता रस्त्यावर.

निघताना मुलाने यावर इंडक्शन शेगडी चालेल का, हे विचारलंच. 1800 वॅट म्हणजे 12 व्होल्टवर दीडशे अँपिअर, इन्व्हर्टरचा तोटा वेगळा. ही बॅटरी अर्धा तासही धड टिकणार नाही. दिवे, छोटा पंखा आणि मोबाइल मिळून 55 वॅट, सहा तासांना 330 वॅट-अवर. एवढं ती रोज देईल. आच गॅसवरच ठेव म्हटलं.

बॅटरी मात्र त्या रात्री माझ्या दुकानातल्या चार्जरवर लावली. शिसं-आम्लाची बॅटरी फार दिवस अर्धपोटी राहिली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. आणखी थोडे दिवस असेच गेले असते तर काकूंचा निकालच खरा ठरला असता.