तुम्ही विचारलंत म्हणून: एकटीला भीती नाही वाटली?

नोव्हेंबर २०२३मध्ये मी टेक्सासातल्या सॅन अँटोनिओहून निघाले आणि पाच आठवडे मेक्सिकोत मोटरसायकलवर एकटी फिरले. तेव्हापासून साताऱ्याला गेले, की लग्नघरात असो नाहीतर भाजीच्या गाडीवर, एकच प्रश्न येतो, "एकटीला भीती नाही वाटली?" इथे अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळात तोच प्रश्न आवाज उतरवून येतो, "तिकडे ते कार्टेल वगैरे...?" (म्हणजे अमली पदार्थांच्या टोळ्या.) मी "छे हो" म्हणून मोकळी होते. ते खोटं आहे. वाटली. चांगलीच वाटली.

सुरुवात नकाशा उघडल्यावर घरीच झाली. सीमेवरच्या लारेडो गावाचा नेहमीचा पूल ओलांडला की आपण तामाउलिपास राज्यात उतरतो, आणि त्या राज्याबद्दल अमेरिकी परराष्ट्र खातं सरळ 'जाऊ नका' म्हणतं. म्हणून वळसा घालून कोलंबिया पुलावरून गेले, तो नुएवो लेओन राज्यात उतरतो. तिथे खिडकीवर गाडीचा तात्पुरता परवाना काढला, ४०० डॉलर अनामत ठेवली (परत मिळाली, हाही प्रश्न असतोच) आणि ऊन चढायच्या आत मोंतेरेच्या रस्त्याला लागले.

माझं स्पॅनिश कामापुरतं. पण एक वाक्य घोकून ठेवलं होतं: रस्ता कसा आहे? तिथे पंपावर पेट्रोल आपल्यासारखंच पोरं भरून देतात, आणि पुढच्या पन्नास किलोमीटरची बित्तंबातमी त्यांच्याकडे असते. रोज सकाळी विचारायचे. उत्तर बहुतेक वेळा एका शब्दात, 'त्रांकीलो'. शांत आहे. 'सुरक्षित आहे' असं कधीच कोणी म्हणालं नाही, हे लक्षात यायला मला आठवडा लागला.

दुरांगोत ते उत्तर आलं नाही. दुरांगोचं पठार सोडून थेट पॅसिफिकच्या काठाला, मासात्लानला उतरणारा जुना रस्ता, त्यातला 'एस्पिनासो देल दिआब्लो' म्हणजे सैतानाचा कणा: या घाटासाठी तर मी सगळा घाट घातला होता. पोराने टाकीचं झाकण लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मेहोर पोर ला कुओता." टोलच्या रस्त्याने गेलेलं बरं. का, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

गेले टोलने, चरफडत. २०१३ साली सुरू झालेल्या त्या रस्त्यावर ६१ बोगदे आहेत आणि शंभरावर पूल. बालुआर्ते पुलावर तर चाकाखाली ४०० मीटर पोकळी. पूर्वी अख्खा दिवस खाणारं अंतर तीन तासांत संपतं. बांधणाऱ्यांना हात जोडावेत असंच काम आहे. पण एका बोगद्यातून दुसऱ्यात शिरताना डोंगर कधी दिसायचा?

मासात्लानला दोन दिवस कोळंबी खाल्ली आणि भेटेल त्याला रस्ता विचारला. तिसऱ्या दिवशी पंपावर, टपरीवर आणि मुक्कामाच्या घरी, तिन्हीकडे 'त्रांकीलो' आलं. मग उलट बाजूने, समुद्राकडून चढले.

खाली अंगाला चिकटणारा उकाडा, वर चढत गेलं की ओक, मग पाइन, आणि शेवटी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत. वळण संपतं न संपतं तोच दुसरं. रस्ता असा ओस, की वळणावर मधोमध कुत्री झोपलेली. टोलचा रस्ता झाला आणि रहदारी तिकडे गेली. तिच्या जिवावर चालणाऱ्या खाणावळींची दारं बंद, रंगवलेल्या पाट्या तेवढ्या राहिल्यात. एक उघडी मिळाली. बाईंनी घेवड्यासारख्या दाण्यांची उसळ, तव्यावरची मक्याची तोर्तिया आणि दालचिनी घातलेली कॉफी दिली. पैसे घेताना म्हणाल्या, आज तू दुसरी. तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

पुढे रस्ता डोंगराच्या धारेवर येतो आणि दोन्ही अंगांना दऱ्या उतरत जातात. तो कणा. तिथे मी इंजिन बंद केलं आणि बराच वेळ नुसती उभी राहिले. त्याचं वर्णन करत बसत नाही, फोटोही बरे आलेले नाहीत.

घाबरले ती त्याच्या थोडं आधी. पुढे लाकडाने लादलेला ट्रक, त्याने डावा दिवा दाखवला. मेक्सिकोत गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे डावा दिवा हा आपल्या ट्रकवाल्याचा उजवा दिवा: 'समोर कोणी नाही, काढ गाडी.' पण त्याच दिव्याचा अर्थ 'मी डावीकडे वळतोय' असाही असतो. दोन्ही अर्थ एकाच दिव्यात. मी गिअर टाकून बाहेर पडले आणि तो वळू लागला, कच्च्या रस्त्याला. ब्रेक लागले, मागचं चाक सरकलं, गाडी त्याच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबली. ड्रायव्हरला पत्ताही नव्हता. बंदुकीची भीती म्हणाल तर ती पाच आठवडे पोटात होती, पण हात थरथरले ते एकदाच, एका पिवळ्या दिव्यापायी.

आणि हेही सांगते: सप्टेंबर २०२४पासून सिनालोआत, म्हणजे मासात्लान ज्या राज्यात आहे तिथे, टोळ्यांची आपसांत जी लढाई पेटली, ती पाहता मी आज कोणालाही त्या घाटात जा म्हणणार नाही. तेव्हाही दुरांगोच्या पंपावरचा तो पोरगा उगाच बोलला नसणार.

शहरांत भीती नाही, फजिती होते. ग्वानाह्वातोत जिथून एके काळी नदी वाहायची तिथून आता गाड्या जातात. शहराच्या पोटात बोगदेच बोगदे, त्यांना आत फाटे, आणि आत गेलं की फोनवरचा नकाशा मुका. मी तीनदा एकाच चौकात बाहेर पडले.

मेक्सिको सिटीत शिरलेच नाही, कडेने चापिंगोला गेले. तिथल्या शेतकी विद्यापीठात पांडुरंग खानखोजे यांचा पुतळा आहे. वर्ध्याचा हा गदर पक्षाचा क्रांतिकारक इंग्रजांमुळे घरी परतता येईना म्हणून १९२०च्या दशकात मेक्सिकोत आला, चापिंगोत शिकवू लागला, मक्यावर संशोधन केलं, आणि मेक्सिकोचा नामवंत चित्रकार दिएगो रिव्हेराने त्याला भित्तिचित्रात रंगवलं. फाटकावरच्या रखवालदाराला 'खानखोजे' काही केल्या कळेना. कागदावर लिहून दाखवल्यावर त्याचा चेहरा उजळला, "आ, कानकोहे!" स्पॅनिशमध्ये 'ज'चा 'ह' होतो, हे मी विसरले होते.

आता पडले ते सांगते, कारण ते घरी अजून नीट सांगितलेलं नाही. ओआहाकाहून १७५ क्रमांकाचा रस्ता डोंगर ओलांडून समुद्राकडे जातो. मिआवात्लानच्या अलीकडे एका गावात झाडाच्या सावलीत 'तोपे' होता. तोपे म्हणजे स्पीडब्रेकर, पण आपले त्यापुढे गरीब. ना पट्टे, ना पाटी, उभा बांधच. गाडी उडाली, मी डाव्या अंगावर पडले, गुडघा सोलला, क्लचचा लिव्हर तुटला.

अशा तोपेपाशी गाड्या हळू होतात म्हणून विकणारे उभे असतात. एक आजी शेंगदाणे विकत होत्या. त्यांनी टोपली खाली ठेवली, दोन पोरांना हाक मारली, गाडी उचलवली आणि मला मोटोटॅक्सीत घातलं. मोटोटॅक्सी म्हणजे आपली रिक्षा. समोरच्या पत्र्यावर 'बजाज' वाचलं आणि मला रडूच फुटलं; आजींना वाटलं गुडघा दुखतोय. गावातल्या मेकॅनिककडे माझ्या रॉयल एनफील्ड हिमालयनचा लिव्हर कुठून असणार? त्याने पल्सरचा काढला, कानशीने घासून बसवला, आणि तो अजून तिथेच आहे.

निघताना आजींना पैसे देऊ केले. घेतले नाहीत, उलट लसूण-मिरचीत परतलेल्या शेंगदाण्यांची पुडी खिशात कोंबली. मग हेल्मेटमधून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "सोला?" एकटीच? "सी," म्हटलं. आणि पुढचा प्रश्न आलाच, शब्दाला शब्द साताऱ्याचा: भीती नाही वाटत?

"तोपेची," मी म्हटलं.

त्या हसल्या आणि रस्त्याकडे बोट करून म्हणाल्या, पुढे आणखी तीन आहेत.

पाच होते.