नऊ टक्क्यांच्या कर्जातले पंचेचाळीस हजार

मार्च २०२५ची अखेर, ऑफिसात पाय ठेवायला जागा नाही, आणि एक टेम्पोवाले कर्जाची फाइल घेऊन बसलेले. २०२३मध्ये ५ लाखांचं कर्ज, ६० महिने, व्याज ९ टक्के, हप्ता १२,०८३. चोवीस हप्ते वेळेवर गेलेले. आता कर्ज मिटवायला ३ लाख जमवले, तर फायनान्सवाल्यांच्या पत्रात बाकी मुद्दल ३ लाख ४५ हजारांच्या वर. "पंचेचाळीस हजार वर लावलेत साहेब, तक्रार लिहून द्या."

त्यांचा हिशेब असा: ५ लाख भागिले ६०, म्हणजे महिन्याला ८,३३३ मुद्दल, चोवीस महिन्यांत २ लाख फिटले, ३ लाख उरले.

आधी हप्ताच तपासला. एक्सेलमध्ये =पीएमटी(९%/१२,६०,-५०००००) टाकलं, उत्तर १०,३७९. इथे भागिले १२ टाकायचं राहिलं तर ४५,२५७ येतात. आकडाच इतका अवाढव्य की चूक लपत नाही. पण १०,३७९ आणि १२,०८३ यांत १,७०४चा फरक, तोही दर महिन्याला. मग उलगडा झाला. ५ लाखांवर ९ टक्क्यांनी पाच वर्षांचं व्याज २,२५,०००, मुद्दलात मिळवून ७,२५,०००, भागिले ६०. फ्लॅट रेट! मुद्दल कमी होत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण ५ लाखांवरच.

खरा दर काढायला =रेट(६०,-१२०८३,५०००००)*१२. हप्ता आणि कर्ज यांची चिन्हं एकमेकांविरुद्ध हवीतच. पैसा हातात आला तो अधिक, गेला तो उणे. दोन्ही अधिक टाकले की सेलमध्ये नंबर एरर येते आणि माणूस उगाच फॉर्म्युला बदलत बसतो. रेटचं उत्तर मासिक असतं. गुणिले १२ विसरलात तर सेलमध्ये नुसतं १% दिसतं, कारण दशांश दाखवलेले नसतात. दोन दशांश वाढवल्यावर वार्षिक दर दिसला: १५.७१ टक्के.

आता बाकी. दर बी४ सेलमध्ये ठेवून =एफव्ही(बी४/१२,२४,१२०८३,-५०००००). उत्तर ३ लाख ४५ हजारांच्या वर, पत्राशी दोन-चार रुपयांत जुळणारं. (सेलऐवजी हाताने १५.७१% टाकलं तर तीसेक रुपये इकडेतिकडे होतात. पडताळणीत तेवढ्यानेही डोकं उठतं.) खात्रीसाठी क्यूमआयपीएमटीने पहिल्या २४ महिन्यांचं व्याज काढलं. त्यात कंसातला शेवटचा शून्य (हप्ता महिनाअखेरीस, असं सांगणारा) द्यावाच लागतो, पीएमटीसारखा सोडून चालत नाही. व्याज निघालं १ लाख ३५ हजारांच्या वर. त्यांच्या समजुतीने ते महिना ३,७५०प्रमाणे ९०,००० होतं. पंचेचाळीस हजार तिथे होते.

म्हणजे पत्रातली बाकी बरोबरच होती. तक्रार करायचीच तर ती कर्ज देताना तोंडी सांगितलेल्या "९ टक्के"ची, आणि करारात बारीक अक्षरात "फ्लॅट" छापलेलं होतं. १ ऑक्टोबर २०२४पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांना रिझर्व्ह बँकेने मुख्य माहितीपत्रक सक्तीचं केलं आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर छापावा लागतो. यांचं कर्ज त्याआधीचं.

खर्च धरल्याने काय होतं तेही दाखवलं. समजा १० हजार प्रोसेसिंग फी कापून ४,९०,००० हातात आले असते, तर रेटमध्ये ५०००००च्या जागी ४९०००० टाकायचे. दर थेट १६.६४ टक्के.

राहिला प्रश्न, मिटवायचं की नाही. उरलेले ३६ हप्ते म्हणजे ४,३५,०००. आज मिटवलं तर बाकी, त्यावर पत्रातला ४ टक्के फोरक्लोजर चार्ज (मुदतीआधी कर्ज मिटवण्याचा आकार) आणि चार्जवर १८ टक्के जीएसटी, मिळून ३,६१,०००च्या थोडं वर. वाचतात त्र्याहत्तर हजार. पण जमवलेल्या ३ लाखांवर कमी पडणारे ६१,००० बाहेरून महिना दोन टक्क्यांनी उचलले तर वाचलेल्यातले बरेच तिकडे जातील, हेही सांगितलं. त्यांनी कागदावर ६१ला गोल केला आणि मेव्हण्याला फोन लावायला बाहेर गेले.