सातव्या प्रश्नातला चौथा बाण

मी भोसरीत ड्राफ्ट्समन आहे. डिप्लोमा होऊन बारा वर्षं झाली आणि तेव्हापासून दिवसाचे आठ तास ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर रेघा ओढण्यात जातात. यंदा डिग्रीच्या संध्याकाळच्या कोर्सला नाव घातलं. मेकॅनिक्सच्या ऑनलाइन स्वाध्यायात स्क्रीनवर माउसने वेक्टर, म्हणजे लांबी आणि दिशा दाखवणारे बाण, काढायचे बारा प्रश्न आहेत हे कळल्यावर वर्गातले बाकीचे कुरकुरायला लागले. मी मात्र मनातल्या मनात शड्डू ठोकला. रेघच ओढायची ना?

पहिले सहा प्रश्न वीस मिनिटांत संपले. त्यांत बाण आधीच काढलेले असतात, टोक धरून हलवायचं एवढंच काम. सातव्यात कोरी चौकट आली आणि माझ्या तीन रात्री गेल्या.

प्रश्न तसा नेहमीचाच. नदी पूर्वेला 3 मीटर प्रतिसेकंद वाहते. शांत पाण्यात नावेचा वेग 5. नावाड्याला सरळ उत्तरेला, समोरच्या काठावर जायचंय. नदीचा, नावेचा आणि परिणामी (म्हणजे दोघांची बेरीज) असे तीन वेग बाणांनी दाखवा. आकडे मुद्दाम 3-4-5 चे दिलेले, त्यामुळे सगळी टोकं चौकटीच्या छेदांवरच पडतात. नदीचा बाण मूळबिंदूपासून पूर्वेला तीन घरं. त्याच्या टोकापासून नावेचा बाण, तीन घरं पश्चिमेला आणि चार वर. मूळबिंदूपासून सरळ वर चार घरं हा परिणामी. म्हणजे नावाड्याने नाक उत्तरेपासून 36.87 अंश पश्चिमेला, प्रवाहाच्या विरुद्ध धरायचं. पात्र 120 मीटरचं असेल तर 30 सेकंदांत पार. घाईने नाक सरळ उत्तरेला धरलं तर 24 सेकंदांतच पोचेल, पण 72 मीटर खाली वाहून जाऊन. हे सगळं मला कागदावर दोन मिनिटांत आलं होतं, म्हणून तर संताप जास्त.

पहिला प्रयत्न चुकला तो माझ्यामुळे. भाची अकरावीला आहे, ती शेजारी बसली होती. म्हणाली, "मामा, तिसरा बाण वरून खाली काढलास. त्रिकोण बंद केलास तर बेरीज शून्य होईल ना!" बरोबर होतं तिचं. ड्रॉइंगमध्ये आकृती बंद करायची सवय, दुसरं काय. बाण उलटा केला आणि सबमिट दाबलं.

"उत्तर चूक आहे. पुन्हा प्रयत्न करा."

काय चूक, कुठे चूक, अवाक्षर नाही. प्रयत्न एकूण पाच आणि प्रत्येक चुकीला दहातले दोन गुण वजा. वाटलं, यांना समांतरभुज चौकोनाची पद्धत हवी असेल, म्हणून नावेचा बाणही मूळबिंदूपासून काढला. चूक. झाले सहा गुण वजा. हेल्पडेस्कला मेल टाकला. दोन दिवसांनी उत्तर आलं की ब्राउझरचा कॅशे क्लिअर करून पाहा. केला, सगळ्या साइटचे पासवर्ड पुन्हा टाकत बसलो, चित्र पुन्हा काढलं. चूक. उरला एक प्रयत्न.

आता माझ्याच गणितावरचा विश्वास उडाला, म्हणून जिओजेब्रा हे गणिताच्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर उघडलं. ते फुकट आहे आणि मी म्हणेन हा स्वाध्याय सुरू करण्याआधीच उघडून ठेवा. फक्त एक लक्षात असू द्या, तिथे मोठ्या अक्षराने नाव दिलं तर बिंदू होतो आणि लहान अक्षराने दिलं तर वेक्टर. मी एन हे मोठं अक्षर टाकून (-3,4) लिहिलं आणि बाण का दिसत नाही म्हणून दहा मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिलो. लांबी आणि कोन देऊनही बाण काढता येतो, पण मध्ये अर्धविराम लागतो, (5; 126.87°) असा. ऑटोकॅडवाल्यांची बोटं सवयीने @5<126.87 टाकायला जातात, ती आवरा. अंशाचं चिन्हही विसरू नका. मी विसरलो, तर त्याने कोन अंशांऐवजी रेडियन या दुसऱ्या एककात धरला आणि नाव निघाली ईशान्येला. चिन्ह टाकल्यावर बाण बरोबर तिथेच पडला जिथे मी काढत होतो. बेरीज (0,4). म्हणजे मी बरोबर होतो. मग चूक कोणाची?

उलगडा कंपनीत झाला. सकाळी लेझर कटिंगवाल्याचा फोन, "साहेब, तुमच्या फायलीत शून्य लांबीची रेघ आहे, मशीन तिथे नुसतंच भोक पाडतंय." आमच्याकडे हे अधूनमधून होतं. रेघेची सुरुवात आणि शेवट एकाच बिंदूवर पडले की ती दिसत नाही पण फायलीत असते. ऑटोकॅडच्या पर्ज या साफसफाईच्या कमांडमध्ये अशा रेघा काढून टाकायचा पर्यायच दिलेला आहे. मी तो टिक केला, फाइल परत पाठवली आणि हात माउसवरच थांबला.

ऑटोकॅडमध्ये रेघ काढायची तर एक क्लिक सुरुवातीला, एक शेवटी. या स्वाध्यायाच्या टूलमध्ये बटण दाबून धरून ओढायचं आणि सोडायचं. माझं बोट बारा वर्षांच्या सवयीने मूळबिंदूवर आधी एक क्लिक करायचं. काही उमटायचं नाही. मग "अरे हो, इथे ओढायचं" म्हणून मी ओढायचो. ती पहिली क्लिक वाया जात नव्हती, ती बाण होत होती, शून्य लांबीचा.

रात्री घरी येऊन चौथ्या प्रयत्नाचं चित्र उघडलं. नदीचा बाण धरून दोन घरं खाली सरकवला, परिणामी बाण धरून बाजूला नेला. दोघांची शेपटं जिथे होती तिथे एक निळा ठिपका उरला, मोहरीच्या दाण्याहून बारीक. माउस वर नेला तर हाताचं चिन्ह आलं. हा चौथा बाण!

शून्य वेक्टरला ठरावीक दिशा नसते, तो कशातही मिळवला तरी बेरीज बदलत नाही, हे ज्या धड्यात शिकवलं त्याच धड्याचं टूल त्याला मोजत होतं आणि तीनऐवजी चार बाण झाले म्हणून गुण कापत होतं. जिओजेब्रात काढलेली प्रत्येक गोष्ट बाजूच्या यादीत दिसते, तिथे (0,0) लगेच डोळ्यांत भरला असता. इथे यादी नाही, बाणांचा आकडा नाही, "जास्तीचा बाण आहे" एवढे तीन शब्द लिहायची तसदी नाही.

ठिपका डिलीट केला, बाण जागेवर आणले, सबमिट. बरोबर. दहापैकी दोन गुण.

फोनवर हे प्रश्न सोडवू नका हे आधीच सांगायला हवं होतं. बोट टेकलं तरी ठिपका पडतो, भाचीच्या फोनवर करून बघितलं. सबमिट करण्याआधी प्रत्येक बाण एकदा धरून हलवा आणि खाली काही उरतंय का बघा. आणि प्रश्नात "उत्तरेपासून इतके अंश" असं असेल तर टूलच्या खिडकीत तोच आकडा टाकू नका. टूल कोन पूर्वेपासून घड्याळाच्या उलट मोजतं, म्हणून आपल्या 36.87 चे तिथे 126.87 होतात.

हेल्पडेस्कला ठिपक्याचा स्क्रीनशॉट पाठवला, लाल गोल करून, ड्राफ्ट्समनला शोभेल असा मापासकट: लांबी 0. आठ दिवसांनी उत्तर आलं. आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. गुण अजून दोनच आहेत.