तुम्ही विचारलंत म्हणून : फुगवट्याच्या काठावर

लिफ्टमध्ये, लग्नात, परवा तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले होते तिथेसुद्धा, मला एकच प्रश्न येतो. "पुढच्या वर्षी रिटायर होतोय. पक्ष्यांचे वगैरे फोटो काढायला शिकायचं म्हणतो. कोणता कॅमेरा घेऊ?" मी तोंड उघडायच्या आत त्याला शेपूट जोडलेलं असतं : "तुमचा वेळ छान जात असेल, नाही?"

शेपटाचं आधी सांगते. वेळ जायचाच असेल तर तो टीव्हीसमोरही जातो. त्यासाठी पहाटे साडेतीनला उठून डबा भरायची गरज नाही.

कॅमेऱ्याचं उत्तर मात्र लांबलचक आहे आणि त्याची सुरुवात माझ्या नोकरीपासून होते. मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. अनुरेखक म्हणजे ट्रेसर. साहेबांनी पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर ट्रेसिंग पेपर पसरायचा, पिना ठोकायच्या आणि खालची रेघ न् रेघ शाईने उतरवायची. चुकलं तर ब्लेडने शाई अलगद खरवडायची, तीही कागद फाटू न देता. १९७८ साली मी पुण्याच्या कचेरीत लागले तेव्हा उजनीचं काम अजून चालू होतं. भीमेवरचं ते धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. त्या दोन-तीन वर्षांत फुगवट्याचे, म्हणजे धरणामागे तुंबून मागे सरकणाऱ्या पाण्याचे, कितीतरी नकाशे माझ्या टेबलावरून गेले. पूर्ण साठ्याची रेषा ४९६.८३ मीटरवर, मृत साठ्याची, म्हणजे ज्याच्या खालचं पाणी एरवी वापरात धरत नाहीत तिची, ४९१.०३ वर. दोन्हींमध्ये सहा मीटरचंही अंतर नाही, पण जमीन इतकी सपाट की नकाशावर त्या एकमेकींपासून लांब लांब पळायच्या. त्यांच्या आत गावांची नावं, विहिरी, देवळं. ते सगळं बुडीत. मी सुबक अक्षरात लिहायचे आणि पाचच्या ठोक्याला टेबल आवरून बस पकडायचे. नोकरीत असेपर्यंत एकदाही तिकडे गेले नाही.

२०१६ ला अठ्ठावन्न पूर्ण झाली. मुलाने निरोपाची भेट म्हणून लेन्स न बदलणारा, लांबचं जवळ ओढणारा एक ब्रिज कॅमेरा दिला. पहिलं वर्ष बाल्कनीतल्या जास्वंदीचं नशीब उजळण्यात गेलं. मग शनिवार-रविवारच्या एका वर्गाला नाव घातलं. वर्गात सगळ्यांत मोठी मी आणि शिकवणारा मुलगा माझ्या धाकट्याहून लहान. तो पहिल्याच दिवशी ॲपर्चर, शटर आणि आयएसओचा त्रिकोण काढून मोकळा झाला. मला काही कळलं नाही. घरी आल्यावर मात्र मी ते आमच्या भाषेत लावून घेतलं : ॲपर्चर म्हणजे कालव्याचं दार किती उघडलं ते, शटर म्हणजे ते किती वेळ उघडं ठेवलं ते, आणि आयएसओ म्हणजे शेताला मुळात तहान किती कमी-जास्त. दार किलकिलं असेल तर वेळ जास्त द्यावा लागतो. त्यानंतर अडलं नाही.

अडलं ते पांढऱ्या रंगापाशी. पाषाण तलावावर काढलेले माझे सगळे बगळे चुन्याच्या ठिपक्यांसारखे आले होते, पिसाचा मागमूस नाही. कारण साधं आहे. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला बगळा कळत नाही. समोरचं सगळं मिळून मधल्या राखाडी रंगाचं असावं असं तो धरून चालतो. चौकटीत नव्वद टक्के काळं पाणी आणि मधोमध एवढासा पांढरा पक्षी असला की तो पाणी उजळायला जातो आणि पक्षी करपून जातो. अशा वेळी आपणच एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, एक घर खाली आणायचं. उलट, पांढऱ्या ढगांपुढे घार असेल तर वर न्यायचं. हे कळायला मला सहा महिने लागले, पण कळलं तेव्हा ट्रेसिंगच्या टेबलावर पहिल्यांदा सलग, न थरथरणारी रेघ आली होती त्या दिवसाची आठवण झाली.

उजनीच्या त्याच फुगवट्याच्या काठावरच्या भिगवणला मी पहिल्यांदा गेले ते २०१८ च्या फेब्रुवारीत. पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर. आमचे हे गाडी चालवतात, काठावर लावतात आणि थर्मास नि पेपर घेऊन आतच बसतात. पक्ष्यांशी त्यांचा काही संबंध नाही, मिसळीशी आहे. कुंभारगावात मासेमारी करणारे लोकच नाव चालवतात. नाव हलत असते, म्हणून तिपाई तिथे कुचकामी. मी जुन्या जीन्सचा एक पाय कापून पिशवी शिवली, तिच्यात राजमा भरला, नावेच्या काठावर ठेवली आणि तिच्यावर लेन्स टेकवली. विकतच्या बीनबॅगहून बरी आहे, आणि अगदीच वेळ आली तर शिजवताही येते. (बायकांसाठी एक सूचना, जी कुठल्याच वर्गात कुणी देत नाही : नावेत बसण्याआधी चहा अर्धाच प्यावा.)

रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दिसले तेव्हा ऊन नुकतंच तिरपं पडलं होतं. कच्छच्या रणात वीण करणारे हे पक्षी, मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळत होते. पायांनी गाळ ढवळायचा, चोचीने चाळायचा. एक लांबलचक रांग, आणि ती सरळ नव्हती. वळत वळत गेली होती. मी कॅमेरा खाली ठेवला. ते वळण मला ओळखीचं होतं. पोटरीभर पाण्याच्या पुढे जायचं नाही आणि कोरड्यातही यायचं नाही, म्हणून जमीन जशी वळली होती तसे ते उभे होते. म्हणजे पक्ष्यांनी कंटूर, नकाशावरची सारख्या उंचीची रेघ, काढली होती. चाळीस वर्षांपूर्वी मी शाईने गिरवलेल्या रेघांपैकीच एखादी असणार ती.

हे मी नावाड्याला सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "मावशी, जवळ नेऊ का?"

मी हो म्हटलं. हे कबूल करायला हवं. त्याने बांबू टाकला, नाव पुढे सरकली, शेवटच्या पक्ष्याने मान वर केली, मग सगळ्यांनी केली आणि अख्खा थवा उडाला. पंखांखालचा तो लाल-काळा रंग, शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर, फोटो अप्रतिम आला. सोसायटीच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ झालं. पण पुढची पंचवीस मिनिटं तो थवा नुसता घिरट्या घालत होता, कारण उतरायच्या जागी आम्ही होतो. त्यांची न्याहारी मी उधळली होती. "उडवा की जरा" असं नावाड्याला सांगणारे आणि त्याच्या हातात जास्तीचे पैसे कोंबणारे लोक आता दर खेपेला दिसतात. पहिल्या खेपेला मीही त्यांच्यातलीच होते, फक्त पैसे दिले नव्हते. तेव्हापासून नाव लांब उभी करायची आणि पक्षी आपणहून जवळ आले तर आले. बहुतेकदा येतात. त्याला दोन तास लागतात.

तर कॅमेरा. तुमच्याकडे जो असेल तो आधी वर्षभर वापरा. मी तो ब्रिज कॅमेरा चार वर्षं वापरला. नंतर मोठा घेतला तो अंधूक उजेडातल्या फोटोंत दाणे दिसत होते म्हणून, आणि खांदा दुखायला लागल्यावर त्यातल्या त्यात हलकी लेन्स बघून. कॅमेरा निवडण्याऐवजी एक जागा निवडा, घरापासून अर्ध्या तासावरची चालेल, आणि तिथेच पुनःपुन्हा जा. माझी पुण्याजवळची कवडीपाट आहे. मुळा-मुठेचा फेस, बंधाऱ्याला अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, वास. थंडीत त्याच पाण्यात चक्रवाकांच्या जोड्या येतात. सुरुवातीला मी पिशव्या टाळून फोटो काढायची. आता टाळत नाही.

भिगवणला मात्र वर्षातून दोनदा तरी जातेच, आणि त्याच नावाड्याबरोबर. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली. म्हणजे उपयुक्त साठा संपून मृत साठ्यातलंही पाणी उपसलं गेलं. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं, ते बघायला ही गर्दी. आम्ही दुसऱ्या बाजूला होतो. भेगाळलेल्या गाळातून चालताना नावाडी एका जागी थांबला. दगडी बांधकामाची गोल कड, आत चिखल.

"ही आमची हीर," तो म्हणाला. "आज्यानं खांदल्याली. मी बी आजच बघतोय. बाप सांगायचा, चिचंपासून इतकी पावलं. पर चिंच कुठं राहिलीय आता."

मला नकाशावरची विहिरीची खूण आठवली. बारीक वर्तुळ. स्टेन्सिलचं सगळ्यांत लहान भोक त्यासाठी वापरायचो, आणि एका दुपारी अशी तीस-चाळीस सहज व्हायची.

लांब पाण्याच्या कडेला रोहित होते, उजेडही उत्तम होता. मी लेन्स बदलली, गाळात गुडघे टेकले आणि त्या कडेचे फोटो काढत बसले. सकाळच्या तिरप्या उन्हात दगडावर मोटेच्या दोराने पडलेल्या खाचा स्पष्ट दिसत होत्या.

त्याची मोठी प्रत करून पुढच्या खेपेला त्याला नेऊन दिली. पक्ष्यांचे फोटो मी त्याला आधीही दिले होते, ते कुठे गेले कोण जाणे. हा दारासमोरच्या भिंतीवर लावला आहे. त्याच्या आईने विचारलं, "ह्येच्यात पाणी का न्हाई?"

तिने पाहिली होती तेव्हा ती भरलेली होती.