सत्तर वर्षं कुणी फॉरवर्ड करत नाही

आज परत व्हॉट्सॲपवर तेच वचन आलं, यिर्मया २९:११, मागे सूर्योदयाचा फोटो आणि खाली दोन गुलाब. देवाच्या मनात आपल्याबद्दल हिताच्याच योजना आहेत. पाठवणाऱ्या काकूंचं मन खरंच चांगलं, मंडळीत आईसाठी सगळ्यात जास्त प्रार्थना त्याच करतात, म्हणून हात जोडलेला इमोजी टाकला आणि फोन पालथा ठेवला. पण डोक्यातून जाईना म्हणून बायबल काढून आख्खा अध्याय वाचला, तर आधीच्याच वचनात, दहाव्यात, सत्तर वर्षं लिहिलीत. बाबेलमधल्या (बॅबिलोनमधल्या) बंदिवासाची सत्तर वर्षं. ती कुणी फॉरवर्ड करत नाही.

ते पत्र आहे ना, यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पाठवलेलं. यरुशलेमेतच हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा छातीठोक सांगत होता की दोन वर्षांत सगळे परत येणार, आणि हा म्हणतो घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं लावा, ज्या शहरात नेलंय त्याच्यासाठी प्रार्थना करा. ऐकणाऱ्यांत जे चाळिशीचे असतील त्यांनी घर परत बघितलंच नसणार. आणि हिताच्या योजना त्यांनाच लिहिल्यात! हे मला अजून पूर्ण पचलेलं नाही.

कारण आईचंही तसंच आहे. किडन्या परत चालू होणार नाहीत हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, हार्टमुळे ट्रान्सप्लांट जमणार नाही, म्हणजे आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिस, आणि हे आता असंच. बरं होईल या आशेवरच विश्वास टिकवायचा असेल तर माझ्याकडे टिकवायला काही उरलंच नाही. उपासनेत साक्षी ऐकते, नोकरी गेली पण देवाने त्याहून चांगली दिली, ऑपरेशन झालं आणि रिपोर्ट क्लिअर आला, आणि मी मनापासून आमेन म्हणते. पण सगळ्या साक्षी सगळं निस्तरल्यानंतरच्याच का? जो अजून मधे अडकलाय त्याला माईकसमोर कुणी बोलवत नाही.

बायबलमधलं विलापगीत लिहिणारा असाच मधे अडकलेला माणूस आहे. यरुशलेम पडलं, साधारण इ.स.पू. ५८६, मंदिर जळालं, लेकरं आयांकडे खायला मागतायत. तिसऱ्या अध्यायात तो देवाबद्दल काय काय बोलतो, अस्वलासारखा दबा धरून बसलाय म्हणतो, मी ओरडतोय तर माझी प्रार्थनाच आत घेत नाही म्हणतो. आणि मग एकदम २२-२३ वचनं, दया रोज सकाळी नवी होते, तुझी सत्यता थोर, जी आपण कॅलेंडरवर नि भिंतीवर लावतो. एवढं बोलल्यावर पुस्तक वळेल असं वाटतं. नाही वळत. पाच अध्यायांतल्या तिसऱ्यात, अगदी मधोमध आहे ते, त्याच अध्यायात पुढे परत डोळ्यांचं पाणी थांबत नाही, आणि शेवटचं वचन तर देवाने आम्हाला साफ टाकलंय की काय इथवर येऊन थांबतं. देवाच्या विश्वासूपणाबद्दल बोलून झाल्यावर परत रडला म्हणून त्याला कुणी बायबलमधून काढलं नाही. मला याचा फार आधार वाटतो, वचनापेक्षाही वचनाच्या जागेचा.

हे सगळं आईला सांगितलं, ती मशीनवर होती तेव्हा. तिच्या हातावर फिस्तुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशनने जोडलेल्या रक्तवाहिन्या, त्यावर बोटं ठेवली की आत सतत थरथर लागते, रक्त जोरात जात असतं त्याची. रोज डोळे उघडले की ती पहिलं ते चाचपते, कारण थरथर लागली नाही तर लगेच हॉस्पिटल. देवाचं नाव त्यानंतर. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं सत्तर वर्षांचं काय घेऊन बसलीस, मला आजचं पाणी पुरवायचंय." तिला पाणी मोजून असतं, बाटलीवर मी मार्करने रेघा मारल्यात, दुपारच्या रेघेपाशी आलं की ती झाकण घट्ट लावून बाटली स्वतःच लांब सरकवते.

मान्नाचं तेच की, रानात इस्राएल लोकांना देव जे खाणं द्यायचा त्याचं. माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरलेलं माप, रोजचं रोज, उद्यासाठी ठेवलं तर किडे. (शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तेवढं दुप्पट, आणि ते मात्र टिकायचं, तेवढी सूट.) संडे स्कूलमधे ही गोष्ट किती गोड करून सांगतात, पण चाळीस वर्षं रोज उठायचं आणि घरात साठा शून्य, हे गोड नाहीये, भयंकर टेन्शनचं आहे. मला देवाकडून आगाऊ हवं असतं, निदान पुढच्या महिन्यापुरतं धैर्य तरी. ते येत नाही. पण ज्या दिवशी आई मशीनवरून उठते आणि तिचे पाय लटपटतात त्या दिवशी तिला धरण्यापुरतं येतं, कुठून ते माहीत नाही, म्हणजे माहीत आहे, पण तेव्हा म्हणायचं सुचत नाही. परवा तर मी सरळ भांडले प्रार्थनेत, आमेनसुद्धा म्हटलं नाही, आणि दुसऱ्या दिवशीही तेवढ्यापुरतं आलंच.

आईचं वेगळंच चालू असतं. शेजारच्या बेडवर एक नवीन बाई यायला लागल्यात, खूप घाबरलेल्या असतात, सुई टोचायच्या आधीच रडतात. आई त्यांच्यासाठी प्रार्थना करते, आणि मला त्यांचं नाव विचारून यायला सांगितलंय, "नुसतं त्या बाई, त्या बाई म्हणून देवाकडे कसं मागायचं?" उद्या पहिल्या शिफ्टला आहोत, तेव्हा विचारते.